कॉर्नरचा बॉल लाइनच्या बाहेर दिसतो, तरी रेफ्री काही बोलत का नाही?

कॉर्नर मिळाला की प्लेयर बॉल घेऊन येतो, फ्लॅगजवळच्या त्या छोट्या कमानीच्या अगदी काठावर ठेवतो, हाताने अजून जरासा पुढे सरकवतो, आणि टीव्हीसमोर बसलेलं कुणीतरी ओरडतंच, अरे बाहेर आहे तो, सरळ चीटिंग चाललंय! ओरडणाऱ्याची चूक नाही, डोळ्यांना खरंच तसं दिसतं. पण बहुतेक वेळा बॉल नियमात बसतो, आणि त्याचं कारण शाळेतल्या भूमितीत आहे.

नियम आधी बघू. गोल लाइनवरून, म्हणजे गोलपोस्ट असतात त्या कडेच्या लाइनवरून, बॉल जिथून बाहेर गेला त्याच्या जवळच्या कॉर्नरला, 1 मीटर त्रिज्येच्या पाव वर्तुळात बॉल ठेवायचा, तो हलता नको, फ्लॅगची काठी हलवायची नाही, आणि समोरच्या टीमने त्या कमानीपासून 9.15 मीटर लांब राहायचं. खरी गोम मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. फुटबॉलमध्ये लाइन ही ज्या भागाची असते त्या भागातच धरतात, म्हणजे ती पांढरी कमानसुद्धा आतच. आणि बॉल जमिनीला कुठे टेकलाय याला महत्त्व नाही, वरून सरळ खाली बघितलं तर बॉलचा कुठलाही भाग लाइनवर येतो का, एवढंच बघायचं.

आता आकडे घेऊ. बॉलचा घेर 68 ते 70 सेमी, म्हणजे त्रिज्या साधारण 11 सेमी. बॉल टेकतो मात्र अगदी लहानशा जागेवर, मधोमध. म्हणजे टेकण्याची जागा लाइनच्या बाहेरच्या कडेपासून 10 सेमी पुढे असली तरी बॉलचा फुगीर भाग 1 सेमी लाइनवर येतोच, आणि बॉल कायदेशीर! घरी करून बघा, फरशीच्या जोडाजवळ बॉल ठेवा, वर उभं राहून सरळ खाली बघा, बॉलची कड जोडावर आलेली दिसेल, मग खाली बसून जोडाच्या बाजूने बघा, मध्ये चांगली रिकामी फरशी दिसायला लागेल. बॉल जागचा हललेला नाही.

कॅमेरा नेमका हाच घोळ करतो. समजा कॅमेरा जमिनीशी 20 अंशाच्या कोनातून बघतोय, लाइन त्याच्या बाजूला आणि बॉल लाइनच्या पलीकडे. हिशोब केला तर मघाचा तो 1 सेमी आत असलेला बॉल आणि लाइन यांच्यामध्ये जवळपास 8 सेमी गवत उघडं दिसतं! सगळे म्हणणार, बाहेर. आता उलटं करा, बॉल कॅमेऱ्याच्या बाजूला आणि लाइन त्याच्या मागे. याच कोनातून बॉल आपल्यामागची 60 सेमीच्या आसपास जमीन झाकतो, म्हणजे बॉल लाइनपासून चांगला अर्धा मीटर बाहेर ठेवला तरी चित्रात तो लाइनवर चढलेलाच दिसणार आणि त्यावर कुणी अवाक्षर काढणार नाही. मला तर हे दुसरं प्रकरण जास्त गंभीर वाटतं, कारण खरी चोरी तिथे लपते.

याच तत्त्वावर वर्ल्ड कपमधली एक अख्खी टीम घरी गेलीय. 1 डिसेंबर 2022, कतार, जपान विरुद्ध स्पेन, स्कोर 1-1. जपानच्या मितोमाने गोल लाइनवरून बॉल मागे ओढला आणि तानाकाने गोल केला. टीव्हीवर बॉल सरळसरळ बाहेर गेलेला दिसत होता, पण व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीने, बघितलं तर बॉलची कड लाइनवर होती, अगदी निसटती. गोल दिला, जपान 2-1 ने जिंकला, आणि त्याच गटातली जर्मनी त्याच वेळी कोस्टा रिकाला 4-2 हरवूनही स्पर्धेबाहेर पडली. नंतर वरून काढलेला फोटो आला तेव्हा कुठे लोकांना पटलं.

मग प्लेयरला ते 10 सेमी मिळून फायदा काय होतो? उंच मारलेला बॉल ताशी 90 किमीने निघाला, म्हणजे सेकंदाला 25 मीटर, तर 10 सेमीला लागतात 4 मिलिसेकंद. हेडर मारणाऱ्याला ते कळणारही नाही. कोनाचंही तेच, 68 मीटर रुंद मैदानावर टच लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या बाजूच्या लाइनच्या, टोकाशी, फ्लॅगपासून 1 मीटरवर बॉल ठेवला तर दोन पोस्टमधलं अंतर जेमतेम 0.37 अंशात मावतं, अजून 10 सेमी पुढे गेलात तर 0.40. म्हणजे गोल दिसतच नाही म्हणा ना. खरा उपयोग पायाला जागा मिळण्याचा. फ्लॅगची काठी कमीत कमी दीड मीटर उंच, ती हलवता येत नाही, मागे जाहिरातींचे बोर्ड, अशात धाव घेऊन पाय नीट फिरवायचा तर बॉल काठीपासून जितका लांब तितकं बरं.

सरळ रेषेत गोल होत नाही म्हणूनच कॉर्नरवरून डायरेक्ट गोल करायला बॉल हवेत वळवावा लागतो. फिरणारा बॉल हवेला एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो, हाच मॅग्नस इफेक्ट. असा गोल 1924 मध्ये नियमात बसला आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या ओन्सारीने उरुग्वेविरुद्ध तो मारला, उरुग्वे तेव्हा ऑलिम्पिक चॅम्पियन, म्हणून त्याला ऑलिम्पिक गोल म्हणतात. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये 1962 ला कोलंबियाच्या मार्कोस कोलने लेव याशिनसारख्या गोलकीपरला असा चकवला.

2024 मध्ये पेनल्टीच्या नियमातही स्पष्ट लिहिलं गेलं की बॉलचा काही भाग पेनल्टी मार्कच्या मध्यबिंदूवर टेकलेला किंवा त्याच्या वर आलेला पाहिजे, म्हणजे विचार तोच, वरून बघा. कॉर्नरला हे तपासायचं काम असिस्टंट रेफ्रीचं, तो फ्लॅगच्या मागे उभा असतो आणि त्याला बॉल जवळून दिसतो. पण असिस्टंट दोनच, ते समोरासमोरच्या टच लाइनवर, आणि प्रत्येकाकडे एकच अर्धं मैदान, त्यामुळे त्याच गोल लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या कॉर्नरला जवळ कुणीच नसतं. रेफ्री पेनल्टी एरियातली ओढाओढ बघत असतो. आपल्याकडे फक्कीने मारलेल्या लाइनवर तर दोन-चार कॉर्नर झाले की कमान पुसट होते आणि मग कड नेमकी कुठली हेच कळत नाही, तिथे हाफ टाइमला कुणीतरी परत फक्की मारून घेतली तरी अर्धे वाद मिटतील.