मुंबईतील खिलाफत चळवळ

पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या ऑटोमन (तुर्की) साम्राज्याची वाटणी होऊ नये आणि खलिफाचे, म्हणजे मुसलमानांचा धर्मप्रमुख मानल्या जाणाऱ्या ऑटोमन सुलतानाचे, स्थान अबाधित राहावे, यासाठी भारतात १९१९ ते १९२४ या काळात चाललेल्या खिलाफत चळवळीचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत होते. ही चळवळ बहुधा अली बंधू (महंमद अली व शौकत अली) आणि गांधीजी यांच्या नावाने सांगितली जाते. त्यामुळे तिला पैसा, जागा आणि संघटना पुरवणारी मुंबई मागे पडते, आणि हे अन्यायाचे आहे.

मार्च १९१९ मध्ये मुंबई खिलाफत समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष मियाँ महंमद हाजी जान महंमद छोटानी हे लाकडाचे बडे व्यापारी होते. समितीचा कणा असलेल्या व्यापाऱ्यांना अर्ज, सभा, शिष्टमंडळ अशा सनदशीर मार्गांचा भरवसा होता. उत्तरेतील उलेमा (मुस्लिम धर्मपंडित) आणि शौकत अली यांना मात्र असहकार हवा होता. मार्च १९२० मध्ये महंमद अली यांच्या शिष्टमंडळाने लंडनला पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची भेट घेतली, पण हाती काही लागले नाही, आणि सनदशीर मार्गाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू लंगडी पडली. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकार सुरू झाला. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. नऊ दिवसांनी झालेल्या सेव्हर्सच्या तहाने ऑटोमन साम्राज्याचे लचके तोडले.

तुर्कस्तानातील घडामोडी सामान्य मुसलमानापर्यंत पोचल्या त्या मशिदीतली प्रवचने, उर्दू वृत्तपत्रे आणि वर्गणी यांतून. मुंबईहून ‘खिलाफत’ हे उर्दू दैनिक निघे. स्मर्ना (आजचे इझमिर) आणि अंगोरा (आजचे अंकारा) यांच्या नावाने निधी गोळा झाले आणि ज्यांनी ती शहरे कधी पाहिली नव्हती त्यांनीही त्यांत पैसे घातले. या निधीचा हिशेबच पुढे समितीला भोवला. मोठी रक्कम छोटानींच्या व्यवसायात अडकल्याचे उघड झाले आणि भरपाई म्हणून त्यांना आपल्या लाकूड गिरण्या समितीच्या हवाली कराव्या लागल्या. चळवळीची पत त्यामुळे जितकी गेली तितकी सरकारी दडपशाहीनेही गेली नसेल.

मालेगावात हा प्रश्न थेट बाजारात आला. उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांच्या या गावात, विकल्या जाणाऱ्या लुगड्यांवर खिलाफतीसाठी पैसा घेतला जाई. तो देण्यास नकार देणाऱ्यांशी खटके उडू लागले, लाठ्या बाळगण्यावर बंदी आली आणि ती मोडणाऱ्या स्वयंसेवकांना दंड झाला. एप्रिल १९२१ मध्ये दंगल उसळली व एक पोलीस अधिकारी मारला गेला. नंतरच्या खटल्यात काहींना फाशी झाली. मालेगावच्या स्मृतीत ते शहीद आहेत. मात्र मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याची आठवणही त्याच इतिहासाचा भाग आहे.

मुंबईत १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनावर बहिष्कार पुकारला गेला. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन लोकांवर हिंदू-मुस्लिम जमावांनी हल्ले केले, उलट हल्लेही झाले. व्यथित गांधीजींनी उपोषण आरंभले. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा गौरव करताना ते इतर अल्पसंख्याकांवर उलटल्याचा हा प्रसंग टाळता येत नाही.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनेच खिलाफत, म्हणजे खलिफाचे पद, बरखास्त केली आणि चळवळीचे मूळ कारण संपले. संघटना मात्र उरली आणि तिचे लक्ष पॅलेस्टाइनकडे वळले. जानेवारी १९३१ मध्ये लंडनला वारलेल्या महंमद अलींचे दफन जेरुसलेममध्ये झाले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे भरलेल्या इस्लामी परिषदेच्या आयोजनात शौकत अली पुढे होते. मुंबईत भायखळ्याच्या लव्ह लेनमधील खिलाफत हाऊस ही चळवळीची वास्तू टिकून आहे. ईद-ए-मिलादचा शहरातील मोठा जुलूस तेथूनच निघतो आणि त्यात विविध पक्षांचे पुढारी हजेरी लावतात.