खुब्याचा सांधा आणि झिजेचा हिशेब

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिरत्या दांड्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजला की त्याचा कीस कुलंटबरोबर (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाबरोबर) वाहून जातो. नवा बुश ठोकला की मशीन पुन्हा सुरू. खुब्याचा कृत्रिम सांधाही तसाच, एका वाटीत फिरणारा गोळा. पण इथला कीस शरीरातच राहतो.

हे जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनला फार महागात पडलं. 1958च्या सुमारास त्यांनी वाटी टेफ्लॉनची केली. घर्षण जवळपास नाहीच, पेशंट खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, कणांभोवती सूज आली आणि शेकडो जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असं नसतं, हे कुठलाही जुना टर्नर सांगेल! पुढे यंत्रमागाच्या गिअरसाठी विकलं जाणारं पॉलिएथिलीन हे प्लास्टिक त्यांच्या प्रयोगशाळेत आलं. चार्नलींना त्यात रस वाटला नाही, पण त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन यांनी ते चाचणीच्या यंत्रावर चढवलंच. टेफ्लॉनच्या मानाने झीज नगण्य निघाली. 1962 पासून ते पेशंटना बसू लागलं.

झीज तरीही शून्य नव्हती. मायक्रॉनहून बारीक कण शरीरातल्या भक्षकपेशी गिळतात, पण ते पचत नाहीत. चिडलेल्या पेशी जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. सांध्याभोवतीचं हाड पोखरलं जातं आणि गोळा ज्यावर बसतो तो मांडीच्या हाडात रोवलेला, धड असलेला धातूचा दांडाही सैल होतो. मशीनमध्ये असं होत नाही. म्हणून हल्ली पॉलिएथिलीनवर किरणांचा मारा करून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफतात. झीज बरीच घटते.

याचा फायदा मांडी घालून बसणाऱ्यांना. चार्नलींचा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा होता. लहान गोळ्याने वाटीवर पीळ कमी पडतो, पण तो निसटतोही लवकर. माणूस उकिडवा बसला, गुडघा आत वळला, की दांड्याची मान वाटीच्या काठावर टेकते. काठ टेकूचं काम करतो आणि गोळा मागून बाहेर. झीज आटोक्यात आल्यामुळे आता 32 किंवा 36 मिलिमीटरचा गोळा बसवता येतो. त्याला निसटायला जास्त अंतर सरकावं लागतं. वणीच्या गडाच्या पायऱ्या चढता येतील का, असं घरचे हमखास विचारतात. डॉक्टरांनी हो म्हटलं की चढाव्यात. खुब्याच्या दृष्टीने जास्त धोक्याचं आहे ते खाली जमिनीवर बसणं.