देवराई (पुणे जिल्हा)

ग्रामदैवताच्या किंवा स्थानदैवताच्या नावाने राखलेला, तोडीस मनाई असलेला वनखंड. पुणे जिल्ह्यात अशा राया मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, वेल्हे (आता राजगड) आणि भोर या पश्चिमेकडील तालुक्यांत, सह्याद्रीच्या माथ्यालगत आणि त्याखालच्या खोऱ्यांत आढळतात. क्षेत्र काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंत. याहून मोठ्या राया थोड्या. गावकरी बहुधा ‘देवराई’ असा पूर्ण शब्द वापरत नाहीत. ‘वाघजाईची राई’, ‘भैरोबाचं रान’ असे दैवताच्या नावाने म्हणतात.

व्युत्पत्ती : ‘राई’ हा शब्द संस्कृत ‘राजि’ (ओळ, रांग) यापासून प्राकृत ‘राइ’मार्गे आला, असे सामान्यतः मानले जाते. वनराजी–वनराई आणि आम्रराजी–आमराई या जोड्या त्याला आधार देतात. ‘अरण्य’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचाही प्रयत्न होतो. परंतु अरण्यापासून मराठीत ‘रान’ सिद्ध होते आणि ‘देवरान’ हा वेगळा शब्द प्रचारात आहेच. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कोकणातील ‘देवरहाटी’ हा शब्द अधिक अवघड आहे. काही जण तो ‘राहणे’ या क्रियापदाशी जोडून ‘देवाचे राहते ठिकाण’ असा अर्थ लावतात. दुसरे मत ‘राहाटी’, म्हणजे रीत किंवा वहिवाट, या जुन्या मराठी शब्दाकडे जाते. संतसाहित्यात हा शब्द वर्तन-व्यवहाराच्या अर्थाने येतो. हे मत धरल्यास ‘देवरहाटी’चा मूळ अर्थ जागा नसून देवाच्या कार्याची वहिवाट असा होतो आणि जागेचा अर्थ मागाहून चिकटला असे मानावे लागते. घाटमाथ्यावर मात्र हा शब्द फारसा ऐकू येत नाही.

उत्पत्तीविषयीची मते : देवराया किती जुन्या, हा प्रश्न वादाचा आहे आणि त्या वादाचे बरेचसे साहित्य पुण्याच्या परिसरातच गोळा झाले. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतालच्या टेकड्या, मावळातील वाटा आणि बोल्हाईसारखी मातृदेवतांची ठाणी पायी फिरून पाहिली. 1962 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या लेखांत त्यांनी असे मांडले, की गावापासून दूर, जुन्या वाटांच्या आसपास असलेली, मूर्तीऐवजी शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या (अनघड दगडाच्या) रूपातील ही ठाणी नांगरशेतीपूर्व समाजाची आहेत. ठाण्यांजवळ मिळणारी गारगोटीची सूक्ष्मास्त्रे (अश्मयुगीन लहान दगडी हत्यारे) हा त्यांचा महत्त्वाचा पुरावा. जोडीला पती नसलेल्या देवी आणि अर्थ न लागणारी देवीनावे यांकडेही त्यांनी लक्ष वेधले.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली. वर्तक हे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या पुण्यातील संस्थेत (आताची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ होते. 1975 व 1976 मधील या दोघांच्या लेखांत कोसंबींचा धागा पुढे नेला आहे : राया या शिकार, संकलन आणि फिरत्या शेतीच्या काळातील संस्था असून सभोवतालचे रान तुटत गेले तेव्हा त्या मूळ वनाचे अवशेष म्हणून उरल्या. या लेखांनी देवराईला प्रथमच परिसंस्थेच्या अभ्यासाचा विषय केले. त्यापूर्वी डिट्रिख ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील अशा वनांविषयी लिहिले होते, पण तो वनाधिकाऱ्याचा ओझरता उल्लेख होता.

विरुद्ध मत असे, की ठाण्याजवळ सूक्ष्मास्त्र सापडले म्हणून ठाणे त्या काळाचे ठरत नाही. फार तर जागा जुनी ठरते. केरळातील कावूंवर (तेथील देवरायांवर) लिहिताना मानववंशशास्त्रज्ञ रिच फ्रीमन यांनी 1999 मध्ये ‘संवर्धन’ ही संकल्पनाच मागाहून लादलेली आहे असा आक्षेप घेतला : तेथील रान हे दैवताची मालमत्ता आहे, निसर्ग म्हणून ते राखलेले नाही. सह्याद्रीतील व्यवहारालाही हे बरेच लागू पडते. राईत कुऱ्हाड न लावण्याचे कारण विचारले तर ‘देवाचं आहे’ एवढेच उत्तर मिळते. पाण्याचा वा पाखरांचा उल्लेख नंतर येतो. तरीही परिणाम संवर्धनाचा झाला हे नाकारता येत नाही, आणि दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. काळाबद्दल सावधपणे एवढे म्हणता येते, की प्रथा मराठेशाहीच्या आधीची असावी. आजची प्रत्येक राई तितकी जुनी असेलच असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीपर ग्रंथातील झाडांविषयीचा मजकूर या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. तो आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल आणि रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांबद्दल आहे. देवरायांसाठी तो पुरावा म्हणून वापरणे योग्य नाही.

वनस्पती व प्राणी : जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर पाऊस 3000 मिमीहून अधिक, तर पुणे शहराशी तो 700 मिमीच्या आसपास येतो. पाऊस असा उतरत जातो तशा राया निमसदाहरित वनाकडून आर्द्र पानझडी वनाकडे बदलत जातात. अंजनी, जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा, उंबर हे वृक्ष नेहमीचे. राईची खरी ओळख तिच्या वेलींत असते. गारंबीचा वेल मांडीएवढा जाड होऊन झाडांच्या शेंड्यांवर पसरतो आणि त्याच्या हातभर लांबीच्या शेंगा वर लोंबतात. लगतच्या तोडलेल्या रानात तो दिसत नाही, कारण त्याला चढायला जुनी झाडे लागतात. ढोल्या असलेले वृक्ष धनेश, घुबडे आणि वटवाघळे यांना आसरा देतात. घोड नदीच्या उगमाजवळील आहुपे (ता. आंबेगाव) येथील भैरवनाथाची राई या दृष्टीने जिल्ह्यात विशेष परिचित आहे. तिचा परिसर शेकरूसाठी 1985 मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या पट्ट्यात येतो. मावळातील आजिवलीच्या राईत भेरली माड मोठ्या संख्येने आहेत.

नियम व वापर : मोडून पडलेले लाकूडही बाहेर न्यायचे नाही, हा कडक नियम काही ठिकाणी, इतरत्र देवळाच्या कामासाठी कौल लावून झाड घेता येते. मध, औषधी साली, हिरड्याची फळे यांबाबत गावोगाव वेगळी रीत आहे. बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, वाळवलेली फळे) हे आंबेगाव-जुन्नरमधील महादेव कोळी कुटुंबांचे रोख उत्पन्न असल्याने हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

ऱ्हास : 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनंतर अनेक राया सरकारी वनात गेल्या, काही देवस्थान इनामात, काही गायरानात, काही खाजगी सातबाऱ्यावर राहिल्या. एकाच खोऱ्यातील दोन रायांची कायदेशीर स्थिती त्यामुळे वेगळी असते. विसाव्या शतकात धरणांबरोबर रस्ते आले आणि रस्त्यांबरोबर कोळसा पाडणारे आले. पानशेतच्या खोऱ्यातील तोड गाडगीळ-वर्तक यांच्या पाहणीच्या काळातीलच. अलीकडे मोठा धोका श्रद्धा उणावल्याचा नसून वाढल्याचा आहे. पूर्वी ‘देवीला छप्पर चालत नाही’ म्हणून तांदळा उघड्यावर असे. आता जीर्णोद्धारात सभामंडप, फरशी, पत्र्याची शेड आणि गाडीरस्ता होतो, आणि देवळाभोवतालची झाडे आधी जातात.

कायदेशीर संरक्षण : 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली, त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्यात वारसास्थळाची. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थानातील ओरणांच्या (तेथील देवरायांच्या) प्रकरणात पवित्र वनांची नोंद करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश त्या राज्याला दिले आणि देशपातळीवर धोरण आखण्याची शिफारस केली. मात्र दर्जा मिळताच गावाचे वहिवाटीचे हक्क आकसतात, असा अभयारण्यालगतच्या गावांचा जुना आक्षेप आहे.

शहर व पूर्व भाग : पुणे शहरातील वेताळ, तळजाई, चतुःशृंगी या टेकड्यांची नावे दैवतांची असली तरी त्या देवराया नव्हेत. तेथील मूळ वनस्पती गवत आणि खुरट्या झुडपांची. दाट दिसणारा भाग बराचसा गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या लागवडीचा आहे. देशी झाडांच्या नव्या लागवडीलाही हल्ली ‘देवराई’ म्हणतात. बारामती, इंदापूर, दौंड या कोरड्या तालुक्यांत देवळाभोवती वड, पिंपळ, चिंच यांची मोजकी झाडे राखलेली दिसतात.