फार्मविलच्या आठवणी : मोटन शाळा आणि मौखिक इतिहास

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, आपल्याकडच्या तालुक्यासारखं काहीतरी समजा, आणि तिचं मुख्य गाव फार्मविल. इथल्या रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलच्या कृष्णवर्णीय मुलामुलींनी १९५१ साली संप केला, पुढे काउंटीने चक्क पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळा बंद ठेवल्या, आणि हे ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्याच तोंडून ते ऐकून जपायचं काम आज त्याच शाळेच्या जुन्या इमारतीत, मोटन म्युझियममध्ये चालतं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा स्थानिक इतिहास मौखिक पद्धतीने कसा टिकतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

मोटन हायस्कूल १९३९ मध्ये बांधलं ते १८० मुलांसाठी. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या आसपास मुलं झाली होती. काउंटीने नवी इमारत द्यायचं टाळलं आणि आवारात लाकडी शेड उभ्या केल्या, वरून डांबरी कागद ठोकलेला. पाऊस आला की गळायच्या, थंडीत शेगडीजवळ बसलेला घामाघूम आणि लांब बसलेला कोट घालून कुडकुडत. रस्त्याने जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. ही खुराड्याची गोष्ट तिथे शिकलेली माणसं हमखास सांगतात. शेड होत्या हे कागदपत्रांतही मिळेल, पण आपली शाळा लोकांना खुराडं वाटते हे कळल्यावर पोराला काय वाटलं ते कागदावर कुठून येणार.

संपाची पुढारी बार्बरा जॉन्स, वय १६. तिने नंतर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत आणि संप कसा सुरू झाला याची आपल्याला असलेली माहिती बरीचशी त्यातूनच येते. शाळेच्या हालाबद्दल तिने संगीताच्या बाईंकडे कुरकुर केली तर बाई म्हणाल्या, मग तूच काहीतरी कर ना. मग एक दिवस तिची बस चुकली, ती रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी होती आणि गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस समोरून निघून गेली, त्या दिवशी तिचा निश्चय झाला. २३ एप्रिल १९५१ ला मुलांनी खोट्या निरोपाचा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, सगळ्या वर्गांना सभागृहात बोलावलं, पडदा सरकला तर स्टेजवर बार्बरा. घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

संप दोन आठवडे चालला. मुलांची मागणी नवीन इमारतीची होती, पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन यांनी सांगितलं की खटला लढायचा तर गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची म्हणून लढू. पालक तयार झाले. हाच खटला पुढे ब्राउन खटल्यात सामील झालेल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला, आणि १९५४ ला सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांमधली वंशभेदाची विभागणी बेकायदा ठरवली. बार्बराला मात्र धोका नको म्हणून घरच्यांनी अलाबामात माँटगोमेरीला काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवून दिलं. ती पुढे लायब्ररियन झाली आणि १९९१ मध्ये वारली.

खरी जखम त्यानंतरची आहे. १९५९ मध्ये कोर्टाने शाळा एकत्र करायला सांगितल्यावर काउंटीने शाळांना पैसेच द्यायचे बंद केले, कुलपं लागली. गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी शाळा उघडली. दीड हजाराहून जास्त कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. काही चर्चच्या तळघरातल्या तात्पुरत्या वर्गांना जायची, काहींना शेजारच्या काउंटीत नातेवाइकांकडे ठेवलं, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेमार्फत दुसऱ्या राज्यात अनोळखी कुटुंबांकडे राहायला पाठवलं, आणि बरीचशी तंबाखूच्या शेतात कामाला लागली. १९६३ मध्ये फ्री स्कूल्स नावाने तात्पुरत्या शाळा निघाल्या आणि मे १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रिफिन खटल्यात निकाल दिला तेव्हा कुठे सरकारी शाळा परत उघडल्या. तोवर ज्याचं वय उलटून गेलं तो परत वर्गात बसलाच नाही.

इथेच मौखिक इतिहासाची गरज कळते. निकालपत्रात घटनेतल्या कलमांची चर्चा आहे, पण बहीण शिकायला परराज्यात गेली आणि भाऊ शेतात राहिला तर पुढे त्या दोघांमध्ये काय झालं, मोठेपणी अर्ज भरायची वेळ आली की माणूस चष्मा विसरलो असं का सांगायचा, ही माहिती फक्त त्या माणसांकडेच आहे. अनेकांनी ती स्वतःच्या मुलांनाही सांगितली नव्हती, लाज वाटायची म्हणून, चूक त्यांची नसताना.

इमारत वाचवली ती गावातल्या बायकांनी. १९९५ मध्ये तिथली शाळा बंद झाल्यावर मार्था फॉरेस्टर कौन्सिल ऑफ विमेन या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेने ती विकत घेऊन स्मारक करायचं ठरवलं. १९९८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि संपाला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, २३ एप्रिल २००१ ला म्युझियम उघडलं. जिथे बार्बरा बोलली त्याच सभागृहात उभं राहून ऐकणं वेगळं असतं हे सांगायला नकोच.

अशा आठवणी नोंदवायच्या कामाची पद्धत साधी पण चिकाटीची असते. आधी विश्वास, मग संमतीपत्र, मग रेकॉर्डर. बोलणारा विषय सोडून आईच्या स्वयंपाकाबद्दल बोलायला लागला तर अडवायचं नाही, बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथूनच निघते. नंतर प्रत्येक शब्द उतरवून काढायचा, बोलीसकट, व्याकरण सुधारायचं नाही. तारखा जुन्या पेपरांशी आणि शाळेच्या नोंदींशी ताडून बघायच्या, कारण आठवण चुकते, पण तारीख चुकली म्हणून माणसाची आठवणच खोटी ठरत नाही. देशपातळीवर अमेरिकन काँग्रेसने २००९ मध्ये खास कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेस हे राष्ट्रीय ग्रंथालय आणि स्मिथसोनियन ही संग्रहालयांची संस्था यांच्याकडे चळवळीतल्या माणसांच्या मुलाखतींचं काम दिलं, त्यात शंभरहून जास्त व्हिडिओ मुलाखती झाल्या. पण वॉशिंग्टनचा कॅमेरा प्रत्येक गल्लीत पोचत नाही, ते काम गावानेच करावं लागतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं, आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन, लेखी इतिहासात नसलेलं त्यांचं काम समोर आणलं, तेही याच प्रकारचं काम आहे.

डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनातून, व्हर्जिनियाने यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे सेनापती असलेल्या जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा काढला आणि त्या जागी बार्बरा जॉन्सचा पुतळा बसवायचं राज्याच्या आयोगाने ठरवलं. शाळांना कुलूप लागलं तेव्हा पहिलीत जायला निघालेलं सहा वर्षांचं पोर आज सत्तरी ओलांडून गेलंय, आणि त्यातल्या कितीतरी जणांसमोर अजून कोणी रेकॉर्डर ठेवलेला नाही.