तुलना आता परत जात नाही: कोकणातल्या रील्समागची पार्श्वभूमी

दुसऱ्याकडे बघून स्वतःला कमी लेखणं कोकणातल्या पोरांना मोबाइलने शिकवलं नाही. गिरण्यांच्या काळापासून गणपतीला, शिमग्याला मुंबईचा चाकरमानी गावी यायचा. त्याची पॅन्ट, मनगटावरचं घड्याळ, पोरांना वाटलेला खाऊ अख्खी वाडी बघायची. पण विसर्जन झालं की तो एसटीत बसायचा. शिवाय तिकडे तो चाळीतल्या एका खोलीत सात-आठ जणांत झोपतो, हे घरोघरी ठाऊक असायचं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसांशी ताडून बघतो. म्हणूनच नटापेक्षा भावकीतला चाकरमानी जास्त बोचायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. लॉकडाउनमुळे चाकरमानीही तेव्हा गावातच होते. गावठी म्हणून हिणवली गेलेली मालवणी बिनधास्त कॅमेऱ्यासमोर आली. त्याचं मोल मी कमी करणार नाही.

दुखणं वेगळ्याच जागी आहे. रीलमध्ये ड्रोनने टिपलेली देवबागची खाडी असते, चुलीवरचे घावणे असतात आणि वर ‘स्वर्ग’ असं लिहिलेलं असतं. बघणारा त्याच स्वर्गात राहतो. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर गळालेला, होमस्टेतलं काम हंगामापुरतं, आणि मुलीकडचे विचारतात, मुंबईत खोली आहे का? रील करणारा शेजारच्याच गावचा. मग चूक आपलीच, असं या पोराला वाटू लागतं. चाकरमानी परत जायचा, मोबाइल मात्र कायम खिशात असतो. चाकरमान्याची चाळ माहीत होती. रीलमागचं कर्ज, भांडणं, पैसे घेऊन केलेली जाहिरात दिसत नाही. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगा, हा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ चा, म्हणजे बराच उशिरा आलेला.

त्याच वर्षी इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवल्याचं सांगितलं होतं. कंपनीला हे माहीत होतं, याचा मला राग येतो.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही. कोकणातल्या रील करणाऱ्यांनी तो आपल्या व्हिडिओंत सांगावा. पोरं त्यांचं ऐकतात.