रिव्हॉल्व्हर : दोषतपासणी व चाचणी गोळीबार

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या किंवा दुकानातून ताब्यात घेतलेल्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या घडणीतील दोष शोधण्यासाठी हाताने, मापाने आणि शेवटी प्रत्यक्ष गोळी झाडून केलेली तपासणी. पिस्तुलात काडतूस फुटते तो खाना नळीचाच भाग असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी एक आणि खाने पाच-सहा असतात. ते फिरत्या सिलिंडरमध्ये असून दर वेळी गोळी झाडताना नवा खाना नळीसमोर येतो. त्यामुळे पाच खाने निर्दोष आणि सहावा सदोष असे घडू शकते. एकदोन बार नीट झाले म्हणून हत्यार चांगले, हा निष्कर्ष येथे चालत नाही. प्रत्येक खाना वेगळा तपासावाच लागतो.

सॅम्युएल कोल्ट याने अमेरिकेत १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या हत्याराचे पेटंट घेतले. त्याच्या १८४७ च्या वॉकर रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक खान्यात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम, काळी दारू मावत असे. त्या काळच्या धातूला हा दाब पेलवला नाही आणि अनेक सिलिंडर वापरात फुटले. असे अपघात टाळण्यासाठी युरोपात सक्तीच्या दाबचाचणीची परंपरा आधीपासून होती. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. बेल्जियममधील लिएज येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या, हत्यारांच्या दाबचाचणीच्या आंतरराष्ट्रीय स्थायी आयोगाच्या नियमांनुसार रिव्हॉल्व्हरवर ठरलेल्या कमाल दाबापेक्षा ३० टक्के अधिक दाबाची काडतुसे झाडतात आणि मग त्यावर ठसा उमटवतात. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. तेथे उत्पादक स्वतःच चाचणी घेतात.

या ठशाचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. खाने आणि नळी त्या दाबाला टिकली, एवढेच तो सांगतो. सिलिंडर वेळेवर फिरतो का, गोळी नळीत सरळ शिरते का, हत्यार हातातून पडले तर आपोआप बार होणार नाही ना, याची हमी त्यात नसते. म्हणून ठसा असलेले हत्यारही पुढील तपासणीतून जायला हवे.

हत्यार रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री केल्यावर पहिले लक्ष टायमिंगकडे, म्हणजे सिलिंडर वेळेवर फिरून नळीसमोर थांबतो का याकडे, द्यावे. काही रचनांमध्ये खाने रिकामे असताना पुंगळ्या बाहेर काढणारी चांदणी (सिलिंडरमागची दात्यांची चकती) किंचित हलते, म्हणून आधी खान्यांत वापरलेल्या पुंगळ्या किंवा डमी काडतुसे भरतात. मग घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरवर हलके टेकवून त्याला थोडासा विरोध करायचा. घोडा मागे अडकण्यापूर्वी, फार तर त्याच क्षणी, चौकटीतील अटकाव सिलिंडरच्या खाचेत टक् आवाज करून बसला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून बोटाने पुढे सरकतो आहे, तर तो खाना मागे राहतो. अशा खान्यातून सुटलेली गोळी नळीच्या मागच्या तोंडाच्या कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात; शेजारच्या नेमबाजाच्या गालाला ते लागू शकतात. खान्यांवर मार्करने क्रमांक घालून सहाही खाने असे पाहावेत. एकच खाना मागे राहत असेल तर दोष बहुधा चांदणीच्या त्या एका दात्यात असतो. सगळेच मागे राहत असतील तर सिलिंडर ढकलणाऱ्या पट्टीकडे पाहावे.

चाप दाबून धरून सिलिंडर हलवला असता आडवी हालचाल थोडीशीच असावी, पुढेमागे मात्र जवळजवळ नसावी. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात. ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट चांगली समजली जाते. फार कमी असेल तर काही बारांनंतर दारूची काजळी साचून सिलिंडर अडकतो. फार जास्त असेल तर वायू आणि ज्वाळा बाजूने निसटतात आणि गोळीचा वेग घटतो. मोजमाप प्रत्येक खान्यासमोर घ्यावे; ते बदलत गेले तर सिलिंडरचा पुढचा चेहरा तिरका आहे.

नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडात उजेड पाडून कापणीच्या अवजाराच्या धारेचे ओरखडे पाहावेत. नळी चौकटीत जोर लावून आवळली गेल्याने आट्यांपाशी ती आतून आकसते, हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मऊ शिशाची गोळी तेल लावून काठीने हळूहळू ढकलली की त्या जागी हाताला अडथळा जाणवतो. नळी जरा जास्त किंवा कमी फिरवली गेली तर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) एका बाजूला कलते. मागून पाहिले की ते लगेच कळते.

पडण्याच्या सुरक्षेची तपासणी घाईत विसरली जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, स्मिथ अँड वेसनचे व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटली आणि एका खलाशाचा जीव गेला. त्यानंतर कंपनीने घोडा रोखणारी नवी पट्टी बसवली. आजच्या हत्यारात चाप सुटलेला असताना घोडा अंगठ्याने पुढे दाबला तरी फायरिंग पिनचे (काडतुसावर आदळणाऱ्या खिळ्याचे) टोक बाहेर येता कामा नये. येत असेल तर ते हत्यार भरूच नये.

भारतात नागरिकांच्या हाती येणारे ०.३२ बोअरचे कानपूरचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली कंपनीच्या धाटणीचे, म्हणजे मधोमध मोडून उघडणारे असते. २०१४ मध्ये आलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ही त्याच पद्धतीचे आहे. या रचनेत बिजागरी आणि वरची कडी जास्त काळजीपूर्वक पाहावी लागते. बंद केल्यावर नळी आणि मूठ दोन हातांत धरून वाकवली असता खडखड जाणवली, तर बारागणिक फट बदलत राहील. उघडताना चांदणी वर येऊन पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. एखादी पुंगळी तिच्याखाली सरकून अडकत नाही ना, हे रिकाम्या पुंगळ्यांनीच आधी पाहून घ्यावे. या बोअरची काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही बनतात. त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ हा ठसा परवानाधारकांच्या ओळखीचा आहे.

प्रत्यक्ष गोळीबार परवानगी असलेल्या रेंजवरच, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावून करतात. सिलिंडरमध्ये प्रथम एकच काडतूस भरावे. बार झाला की हत्यार उघडून पुंगळी आणि नळी दोन्ही पाहावी. टोपीवरचा (काडतुसाच्या बुडातील, ठोक्याने पेटणाऱ्या भागावरचा) ठोका मध्यभागी आहे का, टोपी मागे सरकली किंवा चपटी झाली का, पुंगळी सहज निघाली का, हे एका बारातच पुष्कळसे कळते. त्यानंतर दोन, मग पूर्ण सिलिंडर. प्रत्येक खान्याच्या गोळ्या वेगळ्या कागदावर झाडल्या तर एखादाच खाना बाजूला नेम टाकतो का, ते स्पष्ट होते. हात सिलिंडरच्या बाजूला किंवा फटीपुढे ठेवू नये. तेथून निघणारा वायू कातडी फाडतो.

दोन प्रसंगी थांबावेच लागते. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फुटते. म्हणून हत्यार रिकामे करून नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढचा चाप दाबू नये. दुसरा प्रसंग, टोपीला ठोका बसूनही बार न होण्याचा. पुन्हा चाप ओढला की रिव्हॉल्व्हरमध्ये ते काडतूस नळीसमोरून बाजूला फिरते आणि उशिरा पेटले तर खान्यासमोर नळीच नसते. अशा वेळी नळी लक्ष्याकडे ठेवून निदान अर्धा मिनिट हात न हलवता थांबतात. हलक्या हत्यारात आणखी एक गोष्ट पाहावी: पाच बार झाल्यावर सहावे काडतूस काढून त्याची गोळी धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकली का, हे मोजावे. ती सरकत राहिली तर कधीतरी सिलिंडर अडवेल.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेपर्वाईचा किंवा आनंदाप्रीत्यर्थ केलेला गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा ठरवला आहे. गच्चीवर किंवा शेतात ‘एक बार काढून बघू’ असे म्हणणाऱ्यालाही हा धोका आहे. दोष आढळला तर दात्याला कानस लावण्याचा मोह टाळून खान्याचा क्रमांक, फटीचे माप आणि झाडलेल्या पुंगळ्या यांसह हत्यार विक्रेत्याकडे परत द्यावे. पुंगळ्यांवर खान्यांचे क्रमांक लिहिलेले असले तर कारखान्याच्या कारागिराला दोष शोधायला सोपे जाते.