पासवर्ड तुम्ही बदलला, पण लॅपटॉपला कोण सांगणार?

मागच्या दिवाळीत मी माझ्या क्लाउड अकाउंटचा पासवर्ड बदलला. आईच्या जुन्या लॅपटॉपवर त्याच अकाउंटला फोटो पाठवणारं एक छोटं बॅकअप सॉफ्टवेअर चालतं, ते डोक्यातच आलं नाही. मार्चमध्ये आईने पुतणीच्या बारशाचे फोटो मागितले आणि फोनवर उघडून बघतो तर दिवाळीनंतरचा एकही फोटो वर गेलेला नाही! लॅपटॉपच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसत होता, पण आईला वाटलं की ते चिन्ह तिथे असतंच. नशीब, मूळ फोटो लॅपटॉपवर शाबूत होते.

हे असं का होतं? क्लाउडवाल्यांच्या सर्व्हरवर तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवायची गरज नसते, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने केलेला असा चुरा ज्यातून मूळ शब्द परत जोडता येत नाही, तेवढा ठेवला की पुरतं. ड्रॉपबॉक्सचा २०१२ साली चोरीला गेलेला डेटा २०१६ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यात ६ कोटींहून जास्त अकाउंटचे ईमेल आणि पासवर्डचे असे हॅशच होते. पण लॅपटॉपवरच्या अशा जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरला चुरा ठेवून भागत नाही, त्याला दर वेळी खरा पासवर्ड दाखवावा लागतो, म्हणून तो लॅपटॉपच्या कुलपात ठेवलेला असतो. विंडोजमध्ये ते कुलूप म्हणजे क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅकमध्ये कीचेन. आणि तुम्ही फोनवरून पासवर्ड बदललात हे त्या कुलपाला कळायचा काही मार्गच नाही, ते बिचारं जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतं. काही ठिकाणी तर इतक्या चुकीच्या प्रयत्नांमुळे अकाउंटच लॉक होतं आणि आपण म्हणतो, अरे मी तर बरोबर टाकतोय!

मग फोनवरचं ॲप कसं चालू राहतं? कारण त्याच्याकडे बहुतेक वेळा पासवर्ड नसतोच, टोकन असतं. ही ओऑथ नावाची पद्धत, तिची २.० आवृत्ती ऑक्टोबर २०१२ ची. एमआयडीसीतल्या कारखान्याचं गेट डोळ्यासमोर आणा. आत जायला त्या दिवसापुरता पास मिळतो आणि तो संपला की ओळखपत्र दाखवून नवा घ्यायचा. पास म्हणजे ॲक्सेस टोकन, गूगलचं साधारण १ तास चालतं, ड्रॉपबॉक्सचं ४ तास. ओळखपत्र म्हणजे रिफ्रेश टोकन, ते बरंच जास्त टिकतं. पासवर्ड एकदाच लागतो, ओळखपत्र बनवताना.

यात सोय आहे तसा धोकाही आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप चोरीला गेला, तुम्ही घाईघाईने पासवर्ड बदलला, पण ओळखपत्र अजून चालू असेल तर चोराच्या हातातला फोल्डर सिंक होतच राहू शकतो. गूगल पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणांहून बाहेर काढतं, पण तुम्ही परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स असलेली काही डिव्हाइस तशीच राहू शकतात. उलट जुन्या सॉफ्टवेअरसाठी काढलेले १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे मुख्य पासवर्डऐवजी तिथे टाकायचे वेगळे पासवर्ड, मात्र गूगल रद्द करून टाकतं. म्हणून पासवर्ड बदलला की अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जाऊन डिव्हाइसची आणि जोडलेल्या ॲप्सची यादी बघा, ओळखीचं नसेल ते काढा.

लॅपटॉपवर जुना पासवर्ड अडकला असेल तर आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून साइन आउट करून परत साइन इन करा. तरी ऐकलं नाही तर विंडोजच्या स्टार्टमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर शोधा, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्सखाली त्या सेवेच्या नावाची नोंद असेल तर ती खोडा. इतर नोंदींना हात लावू नका, तिथे ऑफिसचे आणि प्रिंटरचे पासवर्डही असू शकतात. मोठ्या सिस्टिमवाले तर जुनं काढायच्या आधी नवं चालू करतात, ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका युजरला एका वेळी २ ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमला आत शिरायच्या किल्ल्या, ठेवता येतात त्या यासाठीच, म्हणजे मध्ये काम थांबत नाही.

आईच्या लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकला, हिरवी टिक आली, पण तेवढ्यावर मी उठलो नाही. बॅकअपच्या फोल्डरमध्ये त्या दिवसाच्या तारखेची एक रिकामी फाईल टाकली आणि माझ्या फोनवर ती दिसेपर्यंत तिथेच बसलो, ४ मिनिटं लागली. आता दर महिन्याच्या १ तारखेला आईच तशी फाईल टाकते आणि मला फोन करून विचारते, "आली का रे?"